‘सोबत कोण आहे?’ : रुग्णालयाचे दार आणि परगावचा रुग्ण

रात्री-अपरात्री रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात एखादा जखमी आणला जातो, तेव्हा विचारला जाणारा पहिला प्रश्न पुष्कळदा आजाराविषयीचा नसतो. ‘सोबत कोण आहे?’ हा तो प्रश्न होय. गावातल्या माणसाच्या बाबतीत त्याचे उत्तर आपोआप मिळते. भाऊ धावत येतो, शेजारी पैसे घेऊन येतो, ओळखीच्या डॉक्टरांना कोणीतरी दूरध्वनी करतो, रक्त लागले तर चार तरुण बाह्या सरसावून उभे राहतात. पण पोटासाठी शेकडो मैल दूर आलेला गवंडी, इमारतीचा पहारेकरी, हॉटेलात भांडी घासणारा पोरगा किंवा ऊसतोडणीला आलेली बाई यांच्या बाबतीत हा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो. उपचार करणारे हात तेच असतात, औषधेही तीच असतात; तरीही दोघांच्या वाट्याला येणाऱ्या उपचारात अंतर पडते. हे अंतर कसे निर्माण झाले, ते मिटविण्यासाठी कोणी काय केले आणि कोठे ते अद्याप शिल्लक आहे, याचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

आरोग्यशाळा वाटसरूंसाठीच होत्या

इंग्रजी ‘हॉस्पिटल’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘होस्पेस’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ पाहुणा, परका मनुष्य असा होतो आणि त्याला आश्रय देणारा यजमान असाही होतो. ज्याला घर आहे त्याची शुश्रूषा घरीच होत असे. ज्याचे घर दूर राहिले आहे त्याच्यासाठी वेगळी जागा लागे. चौथ्या शतकात आशिया मायनरमधील सिझेरिया नगराबाहेर बिशप बॅसिल यांनी उभारलेली संस्था वाटसरू, निर्धन आणि आजारी या तिघांसाठीही होती. रुग्णालय आणि धर्मशाळा या प्रारंभी एकाच कल्पनेच्या दोन बाजू होत्या, असे म्हणता येईल.

भारतात तर याचा पुरावा त्याहूनही जुना आहे. ज्या गिरनारच्या यात्रेला हजारो जैन भाविक जातात, त्याच गिरनारच्या वाटेवरील शिळेवर सम्राट अशोकाचे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील चौदा लेख कोरलेले आहेत. त्यांपैकी दुसऱ्या लेखात मनुष्यांची आणि पशूंची अशी दोन प्रकारची चिकित्सा सर्वत्र सुरू केल्याचे नमूद आहे. हे ‘सर्वत्र’ कोठवर, तेही लेखात सांगितले आहे. स्वतःच्या राज्यात तर हे कार्य सुरू झालेच, परंतु सीमेपलीकडील चोळ, पांड्य, केरळपुत्र आणि ताम्रपर्णीच्या प्रदेशांतही झाले. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्या आणि रस्त्यांच्या कडेने विहिरी खोदून झाडे लावली, असेही त्यात म्हटले आहे. औषधोपचार आणि वाटसरूची सोय यांचा एकाच लेखात झालेला उल्लेख लक्षणीय आहे.

पाचव्या शतकाच्या प्रारंभी भारतात आलेला चिनी यात्रेकरू फाहियान याने मगध देशातील नगरांचे वर्णन करताना तेथील दानशाळा व औषधशाळांचा उल्लेख केला आहे. वैश्य कुळांतील प्रमुख गृहस्थ त्या चालवीत असत. अनाथ, निराधार, अपंग आणि रोगी यांची वैद्य तपासणी करीत, त्यांना अन्न व औषध दिले जाई आणि बरे वाटले की ते आपण होऊन निघून जात. ‘तू कोठला?’ या प्रश्नाचा या वर्णनात कोठेही उल्लेख नाही. व्यापारी वर्गाने चालविलेल्या या औषधशाळांची परंपरा जैन समाजाला अपरिचित नाही. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान या चतुर्विध दानात औषधाला स्वतंत्र स्थान आहे.

मुंबईची इस्पितळे आणि प्लेगचा काळ

आधुनिक काळात परगावच्या रुग्णाचा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो मुंबईत. हे नगरच मुळी बाहेरून आलेल्यांचे. १९२१ च्या जनगणनेतदेखील मुंबईतच जन्मलेल्या लोकांचे प्रमाण शहराच्या लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहून कमी होते. रत्नागिरी, सातारा, पुणे, कच्छ, काठेवाड, गोवा, उत्तर हिंदुस्थान अशा नाना दिशांनी आलेली माणसे गिरण्यांत, गोदीत आणि पेढ्यांवर राबत होती.

१८४५ मध्ये भायखळ्याचे जे. जे. इस्पितळ सुरू झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी १ लाख रुपयांची देणगी दिली होती. युरोपियनांसाठी वेगळे इस्पितळ होते. हे इस्पितळ एतद्देशीयांसाठी होते. मात्र ज्याला घर आणि गोतावळा होता, तो त्या काळी इस्पितळाची पायरी सहसा चढत नसे. घरी वैद्य किंवा हकीम येई. इस्पितळात जाणारा तो बहुधा निराधार किंवा एकटा, म्हणजेच बऱ्याच वेळा परगावचा असे. इस्पितळ म्हणजे मरायला जाण्याची जागा, ही लोकभावना यातूनच दृढ झाली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि या भावनेचा स्फोट झाला. रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचे अधिकार प्रशासनाने घेतले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आपल्या माणसाला नेतात, त्याचे पुढे काय होते ते कळत नाही, शेवटी प्रेतही हाती लागेल की नाही याची शाश्वती नाही, ही त्या रागामागची भीती होती. पुढील काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गाव सोडून निघून गेली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला आणि आगगाडीच्या स्थानकांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. जो प्रवासी पूर्वी आरोग्यशाळेचा पाहुणा होता, तो आता रोगाचा संशयित ठरला. परक्या रुग्णाविषयीच्या आधुनिक दृष्टिकोनातील हा मोठा बदल होय.

या संकटातून मुंबईने एक मार्ग काढला. निरनिराळ्या ज्ञाती-समाजांनी आपापली तात्पुरती प्लेग इस्पितळे उघडली. तेथे खाण्यापिण्याचे नियम पाळले जात, आप्तांना रुग्णाजवळ बसता येई, वैद्य ओळखीचा असे. लोकांचे भय त्यामुळे पुष्कळ कमी झाले. ‘सोबत कोण आहे?’ या प्रश्नाला येथे समाजाने उत्तर दिले होते. परंतु या व्यवस्थेची मर्यादाही उघड होती. ज्याच्या समाजाजवळ पैसा आणि पुढारी होते, त्याला इस्पितळ मिळाले. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते, त्याला सरकारी तंबू उरला.

पुण्याजवळ याच सुमारास घडलेली घटना महाराष्ट्राला परिचित आहे. डॉ. यशवंत फुले यांनी हडपसरजवळील माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एक मुलगा प्लेगने आजारी असल्याचे समजताच सावित्रीबाई फुले यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना मात्र प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या मुलाला दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचविणारे दुसरे कोणी नव्हते. तातडीच्या उपचाराचा पहिला टप्पा रुग्णालयाच्या बाहेर असतो, ही गोष्ट या प्रसंगातून जेवढी स्पष्ट होते तेवढी क्वचितच अन्य कशातून होत असेल.

गिरणगावातील कष्टकऱ्यांनीही स्वतःची व्यवस्था उभी केली होती. कोकणातील आणि घाटावरील एकेका गावाने चाळीत खोली धरलेली असे, गावकरी मंडळे वर्गणी काढीत. गोव्याहून आलेल्या खलाशी व नोकरदारांसाठी गावोगावचे ‘कूड’ होते. कोणी आजारी पडला की खोलीतले सोबती त्याला इस्पितळात नेत, पाळीपाळीने जवळ बसत आणि गावी पत्र घालीत. १९२६ मध्ये परळला राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय सुरू झाले. त्यासोबतच्या वैद्यकीय महाविद्यालयाला शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांची देणगी लाभली होती आणि तेथील अध्यापक भारतीयच असावेत अशी अट होती. गिरण्यांच्या ऐन वस्तीत, आपली भाषा बोलणारे डॉक्टर असलेले महापालिकेचे रुग्णालय मिळाल्यावर इस्पितळाविषयीची जुनी धास्ती हळूहळू ओसरली. परगावच्या रुग्णांसोबत आलेल्यांनी कोठे राहावे, हा प्रश्न मात्र उरलाच होता. संत गाडगे महाराज यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने मुंबईत चालणाऱ्या धर्मशाळेत आजही दूरदूरच्या गावांहून उपचारांसाठी आलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक आसरा घेतात.

विम्याचा कामगार आणि कंत्राटाचा मजूर

पैसे नाहीत म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ च्या अहवालात मांडले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ मध्ये दिल्ली व कानपूर येथून ही योजना प्रत्यक्षात सुरू झाली. कारखान्यातील कायम कामगार मूळचा कोठलाही असो, विम्याच्या कार्डामुळे रुग्णालयात तो ‘आपला’ ठरला. पण इमारतीच्या पराती उचलणारा, वीटभट्टीवरचा, खडी फोडणारा मजूर या छत्राबाहेरच राहिला. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील गिरण्या बंद पडत गेल्या, तसे शहरात येणारे नवे लोक कायम नोकरीऐवजी कंत्राटी कामावर लागले. आणि विम्याचे कार्ड नसलेल्यांची संख्या वाढत गेली.

अशा मजुरांसाठी १९७९ मध्ये संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसंबंधीचा कायदा केला. मजुरांना विनामूल्य वैद्यकीय सोय पुरविण्याची जबाबदारी त्यात कंत्राटदारावर टाकली होती. इतकेच नव्हे, तर एखाद्या मजुराला प्राणघातक अपघात झाला किंवा गंभीर इजा झाली, तर त्याची खबर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि त्याच्या आप्तांना द्यावी, असेही बंधन होते. कायदा करणाऱ्यांना ‘सोबत कोण आहे?’ या प्रश्नाची जाणीव होती, हे या तरतुदीवरून दिसते. परंतु कंत्राटदाराने नोंदणीच केली नाही, तर मजूर कागदावर अस्तित्वातच येत नसे, आणि बहुसंख्यांच्या बाबतीत तसेच घडले. पुढे २०२० मध्ये संसदेने हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत समाविष्ट केला.

न्यायालयाने उघडलेले दार

रुग्णालयाच्या दारात कोणालाही नाकारू नये, हे आज सर्वमान्य वाटणारे तत्त्व प्रत्यक्षात दोन दुर्दैवी घटनांतून कायद्यात आले. एका स्कूटरस्वाराला मोटारीने ठोकरले. त्याला जवळच्या रुग्णालयात नेले असता, पोलीस प्रकरणे हाताळण्याचा अधिकार आपल्याकडे नाही, असे सांगून सुमारे २० किलोमीटर दूरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठविण्यात आले. वाटेतच त्याचा मृत्यू झाला. या बातमीवरून दाखल झालेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८९ रोजी निर्णय दिला. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, प्राण वाचविणे हे त्याचे पहिले कर्तव्य असून पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

दुसरी घटना पश्चिम बंगालमधील. ८ जुलै १९९२ रोजी एक शेतमजूर आगगाडीतून पडला आणि त्याच्या डोक्याला जबर मार लागला. गावच्या आरोग्य केंद्रातून त्याला मोठ्या रुग्णालयात पाठविले. कलकत्त्यातील एकामागून एका सरकारी रुग्णालयाने खाट रिकामी नाही, साधने नाहीत, असे सांगून त्याला परत पाठविले. अखेर खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून त्याचे प्राण वाचले. त्याच्या मजूर संघटनेने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. ६ मे १९९६ च्या निर्णयात न्यायालयाने वेळेवर उपचार न मिळणे म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे, असे ठरविले आणि त्या मजुराला २५ हजार रुपयांची भरपाई देवविली. पैशाची चणचण ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असेही बजावले.

हा मजूर त्याच राज्याचा रहिवासी होता, ही बाब येथे ध्यानात घ्यावयास हवी. खेड्यातला गरीब मनुष्य स्वतःच्या राज्याच्या राजधानीतही परकाच ठरतो. त्यामुळे स्थानिक आणि परका हा भेद केवळ राज्याच्या सीमेचा नाही. ओळखीचा आणि बिनओळखीचा हाच त्याचा खरा अर्थ आहे.

पुढे २०१० च्या केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायद्यात, तातडीच्या स्थितीतील रुग्णाची प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार आपल्या साधनांनिशी करणे रुग्णालयांना बंधनकारक झाले. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांसाठी १९४९ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद समाविष्ट झाली. जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूमागे पोलीस चौकशीचा ससेमिरा लागू नये, यासाठी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तरतूद झाली. सहीसाठी नातेवाईक नाही म्हणून जीव वाचविणारी शस्त्रक्रिया थांबविण्याचे कारण नाही. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या व्यक्तीच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृत्याला भारतीय दंड संहितेच्या कलम ९२ चे संरक्षण होते आणि तेच आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये आहे. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा विनामूल्य चालते. प्रारंभी तिच्या ताफ्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातील जखमींसाठी दीड लाख रुपयांपर्यंतचे, सात दिवसांपर्यंतचे रोकडरहित उपचार देणारी योजना अधिसूचित केली. या कोणत्याही सोयीसाठी जखमी मनुष्य कोणत्या गावचा, हे विचारण्याचे कारण नाही.

कायदा असूनही

असे असताना अंतर का पडते, याचे उत्तर केरळमध्ये ऑगस्ट २०१७ मध्ये घडलेल्या घटनेत सापडते. तामिळनाडूच्या तिरुनेलवेली भागातून आलेला एक मजूर कोल्लमजवळ वाहन अपघातात गंभीर जखमी झाला. रुग्णवाहिका त्याला घेऊन अनेक तास एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरत राहिली. कोठे व्हेंटिलेटर नव्हता. कोठे सोबत जबाबदार माणूस नाही, ही अडचण सांगण्यात आली. त्या मजुराचा मृत्यू झाला. आरोग्यसेवेत देशात अग्रेसर मानल्या जाणाऱ्या राज्यात हे घडले, याचा धक्का मोठा होता. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी विधानसभेत राज्याच्या वतीने त्याच्या कुटुंबाची क्षमा मागितली. त्याच वर्षी तेथे परराज्यातील कामगारांसाठी ‘आवाज’ ही विमा योजना सुरू झाली. एका माणसाला सोबत नव्हती, ही उणीव एका राज्याने जाहीरपणे मान्य केली, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट.

याउलट प्रवाहही दिसून आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्लीतील एका मोठ्या सरकारी रुग्णालयात ८० टक्के खाटा दिल्लीच्या रहिवाशांसाठी राखून ठेवण्याचा निर्णय झाला. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने तो घटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ यांच्या विरुद्ध ठरवून रद्द केला. जून २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत तसाच निर्णय पुन्हा घोषित झाला आणि नायब राज्यपालांनी दुसऱ्याच दिवशी तो फिरविला. स्थानिक नागरिकांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे नाही. खाटा मोजक्या, रुग्ण अगणित, आणि आपल्या गावच्या रुग्णालयात आपल्याच आईला जागा मिळू नये, हे दुःख खरेच आहे. पण खाटांची टंचाई परक्याने निर्माण केलेली नसते. आणि जो मनुष्य त्या नगराच्या इमारती बांधतो व तेथेच मीठ-मिरची विकत घेऊन कर भरतो, त्याला जखमी झाल्यावर गावी जाऊन उपचार घे, असे सांगता येत नाही. अखेर ३० एप्रिल २०२१ रोजी, साथीच्या दुसऱ्या लाटेत, सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की स्थानिक रहिवासाचा पुरावा नाही, एवढेच काय ओळखपत्रही नाही, या कारणासाठी कोणत्याही राज्यात रुग्णाला दाखल करून घेण्यास नकार देऊ नये.

मात्र दार उघडल्यानंतरचा प्रवास कागदांवरूनच होतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिलेली जन आरोग्य योजना लाखो कुटुंबांना आधार देणारी ठरली. तिच्या लाभासाठी राज्याची शिधापत्रिका किंवा अधिवासाचा दाखला लागतो. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून संमती घेऊन उपचार सुरू करता येतात. पण कागद नंतर दाखवावेच लागतात. परराज्यातील मजुराची शिधापत्रिका गावी असते. २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत योजनेचे कार्ड देशभर चालते, हा मोठा दिलासा आहे. परंतु ते कार्ड काढलेले असणे, जवळ असणे आणि जवळचे रुग्णालय त्या योजनेत असणे, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. त्यात भाषेची अडचण असते. पूर्वी कोणता आजार होता, कोणत्या औषधाचे वावडे आहे, हे सांगणारा कोणी नसतो. अर्धवट बरे वाटताच पैसे संपले म्हणून रुग्ण घरी जाण्याची सही करतो. स्थानिक रुग्ण आठवड्याने टाके काढायला येतो. हा मात्र तोवर आगगाडीत बसलेला असतो.

उसाच्या फडावर

परका म्हणजे परराज्यातलाच, असे समजण्याचे कारण नाही. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात उतरतात. सांगली-कोल्हापूर भागात ज्यांच्या मळ्यात हा ऊस तोडला जातो, त्या शेतकऱ्यांत जैन कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. मुकादमाकडून उचल घेऊन आलेले जोडपे पहाटेपासून कोयता चालवते. पाचटाच्या कोपीत संसार मांडते. कोयत्याचा घाव, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडणे, फडातील सर्पदंश, रात्रीच्या रस्त्यावर बैलगाडीला बसलेली धडक आणि अवेळी सुरू झालेल्या प्रसूतिवेदना, हे सारे तातडीचेच प्रसंग.

गावातली गर्भवती आशाताईच्या वहीत नोंदलेली असते. तिची तारीख ठरलेली असते, रुग्णवाहिका कोणाला बोलवायची हे ठाऊक असते. कोपीतल्या गर्भवतीची नोंद तिच्या मूळ गावच्या वहीत असते आणि प्रसूती दोनशे-तीनशे किलोमीटर दूर होते. सर्पदंशावरील लस प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. पण ते केंद्र कोणत्या दिशेला आहे, हे फडावरच्या माणसाला रात्री कोणी सांगावे लागते. हाडा रुग्णालय एकच, डॉक्टर एकच, भाषाही मराठीच. तरी अंतर पडते ते येथे. मळ्याच्या मालकाने स्वतःच्या गाडीत घालून नेले, तर त्याच रुग्णालयात त्याच मजुराकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते, हा अनुभव या भागाला नवा नाही.

संघाची सोबत

हा विषय जैन समाजाला आणखी एका दृष्टीने जवळचा आहे. पायी विहार करणाऱ्या साधू-साध्वींचे महामार्गावरील अपघात ही समाजाच्या मनातील दीर्घकाळची व्यथा आहे. विहारातील साध्वी ज्या रस्त्यावर जखमी होतात, ते गाव त्यांचे नसते. जवळ पैसा नसतो, शिधापत्रिका नसते, सोबत रक्ताचे नातेवाईक नसतात. कागदाच्या हिशेबाने पाहिले तर त्या पूर्णतः परगावच्या रुग्ण होत. तरीही ‘सोबत कोण आहे?’ हा प्रश्न त्यांच्या बाबतीत फार वेळ टिकत नाही. जवळच्या गावातील श्रावक तासाभरात येऊन पोहोचतात. कोणी डॉक्टरांशी बोलतो, कोणी अनामत भरतो, कोणी रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून राहतो. त्या श्रावकांनी त्या साध्वींना पूर्वी कधी पाहिलेलेही नसते. संघ उभा राहतो आणि अंतर नाहीसे होते.

त्याच महामार्गावर, त्याच पहाटेच्या अंधारात, सायकलवरून कामाला निघालेला परप्रांतीय मजूरही जखमी होतो. त्याच्यासाठी कायद्याने आज जवळजवळ सर्व दारे उघडी केली आहेत. परमानंद कटारा खटल्यापासून २०२१ च्या आदेशापर्यंतच्या वाटचालीत न्यायालयांनी जे देता येण्यासारखे होते ते दिले. परंतु न्यायालयाला कोणाच्या उशाशी बसता येत नाही. प्लेगच्या काळातील ज्ञातींच्या इस्पितळांनी, चाळीतल्या गावकरी खोलीने, गोव्याच्या कुडाने आणि मुंढव्याच्या वाटेवरील सावित्रीबाईंनी जे केले, ते कायद्याच्या कलमात बसणारे नव्हते. त्यांतील पहिल्या तिघांनी आपल्या माणसाला सोबत दिली. सावित्रीबाईंनी ती दुसऱ्याच्या लेकराला दिली. इतिहासातील हा फरक ध्यानी घेण्याजोगा आहे.

त्यासाठी मोठी रुग्णालयेच बांधावी लागतात असे नाही. तातडीच्या विभागाबाहेर दोन-तीन भाषांत लावलेली पाटी, रात्री उचलला जाणारा एक दूरध्वनी, अनामत भरण्यासाठी वेगळा ठेवलेला थोडा निधी, रक्तदात्यांची यादी, हंगामाच्या सुरुवातीला कोपीपर्यंत जाऊन आलेला एक कार्यकर्ता आणि बऱ्या झालेल्या रुग्णाच्या हाती त्याच्या गावच्या डॉक्टरांसाठी दिलेली चिठ्ठी, एवढ्यानेही पुष्कळ साधते. फाहियानाने पाहिलेल्या औषधशाळेत बरा झालेला मनुष्य आपण होऊन निघून जाई आणि त्याचे नाव-गाव कोणी लिहून ठेवले नाही. त्या औषधशाळा चालविणाऱ्या गृहस्थांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत. त्यांच्या दारात परक्याला आपले माणूस मिळत असे, एवढेच सोळाशे वर्षांनंतर शिल्लक राहिले आहे.